पोट लहान, हिशेब मोठा : एक ते तीन वर्षांच्या मुलाचा खुराक

व्यापाराच्या पानावर लेकराच्या खाण्यापिण्याची गोष्ट कशाला, असे काही वाचकबंधूंना वाटेल. कारण साधे आहे. आपल्या कापड धंद्यात घर आणि कारखाना वेगळे नसतात. खाली माग, वर खोली. पुढे दुकान, मागे चूल. शिलाईच्या मशीनशेजारीच पाळणा. नुकते चालू लागलेले मूल दिवसभर अब्बांच्या, चाचांच्या आणि कारागिरांच्या पायांत घोटाळत असते. ते रडले की गल्ल्यातून पाच रुपये निघतात आणि समोरच्या टपरीवरून पाकीट येते. अम्मीने काय शिजवले यापेक्षा गल्ल्यातून काय निघाले यावरच त्याचा दिवस ठरतो. म्हणून हा विषय जितका स्वयंपाकघराचा तितकाच दुकानाचाही आहे.

आकडे पाहा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी जवळपास ६९ मुलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हाच आकडा ५४ च्या आसपास होता. पाच वर्षांखालील शंभरातील ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. ही सगळी मुले उपाशी घरांतली नव्हेत. खात्यापित्या घरांतही रक्तक्षय भरपूर आहे. पैसा आहे, पण तो चुकीच्या मालावर जातो, हे यामागचे एक मोठे कारण आहे.

गोदाम छोटे, मागणी मोठी

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे एक हजार कॅलरी लागतात. मध्यम मेहनतीच्या, ६५ किलो वजनाच्या पुरुषाला सुमारे २,७०० लागतात. म्हणजे मुलाचे वजन बापाच्या सहाव्या हिश्श्याइतके, पण गरज तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. कारण त्याचे शरीर नुसते चालत नाही, वाढते आहे. पण त्याचे पोट मात्र एवढेसे. एका वेळी पाऊण ते एक वाटी यापेक्षा जास्त त्यात मावत नाही.

ज्याचे गोदाम छोटे आणि गिऱ्हाईक मोठे, तो व्यापारी काय करतो? थोडा थोडा माल वारंवार भरतो आणि रद्दी माल आत येऊ देत नाही. मुलाच्या खुराकाचा सारा कायदा एवढाच आहे. दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोन वेळा नाश्ता. दोन खाण्यांमध्ये दोन-अडीच तासांचे अंतर, आणि त्या अंतरात पाण्याशिवाय काही नाही. अर्ध्या तासाने बिस्किट, मग चहाचा घोट, मग गोळी, असे चालले की जेवणाच्या वेळी मूल तोंड फिरवते. आपण म्हणतो, ‘आमचे लेकरू काही खातच नाही.’ ते खात असते, पण त्याचे गोदाम आधीच भुशाने भरलेले असते.

जेवण पातळ पाण्यासारखे नको. वरणाचे वरचे पाणी आणि भाताची पेज यांनी पोट भरते, अंगी काही लागत नाही. घट्ट, मऊ, चमच्यावरून न ओघळणारे अन्न द्यावे आणि त्यात चमचाभर तूप किंवा तेल घालावे. थोड्या जागेत जास्त ताकद बसवण्याचा हाच स्वस्त मार्ग आहे.

आठ खाती

जागतिक आरोग्य संघटनेने लहान मुलाच्या खाण्याचे आठ गट केले आहेत. आपण त्यांना आठ खाती म्हणू. पहिले, आईचे दूध. ते दोन वर्षे आणि पुढेही चालावे. दुसरे, धान्य आणि कंद : गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ, बटाटा. तिसरे, डाळी, कडधान्ये व शेंगदाणे. चौथे, दूध-दही. पाचवे, गोश्त, मुर्गी, मासळी. सहावे, अंडी. सातवे, पिवळी-केशरी फळे व भाज्या आणि हिरवा पाला : पपई, आंबा, गाजर, लाल भोपळा, पालक, मेथी, शेवग्याचा पाला. आठवे, बाकीची फळे-भाज्या.

दररोज या आठांपैकी किमान पाच खात्यांत जमा झाली पाहिजे. आपल्या मोहल्ल्यातल्या मुलाचा दिवस तपासा : सकाळी चहा-खारी, दहाला बिस्किट, दुपारी रस्सा-पाव, चारला टोस्ट, रात्री भात. दिवसभरात पाच वेळा खाणे झाले. जमा मात्र एका धान्याच्याच खात्यात, तीही बहुतेक मैद्याची. खारी, टोस्ट, बटर, नानखटाई, पाव या पाच नावांचा माल एकच आहे.

चहाची पिंप आणि लोहाची गळती

यंत्रमागाच्या गावांत चहा हा दुसरा श्वास. कारखान्यात चहा आला की बशीतला एक घोट लेकराला मिळतोच. हा लाड महाग पडतो. चहातील तुरट द्रव्ये अन्नातले लोह पकडून ठेवतात. ते रक्तात जात नाही. रक्तक्षयाच्या या प्रदेशात लहान मुलाला चहा देणे म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य भरणे आहे. शिवाय चहाने भूक मरते आणि झोप उडते. या वयात चहा अजिबात नको.

दुधाचेही तसेच. दूध चांगले, पण त्यात लोह जवळपास नसते. काही घरांत दादी-नानी प्रेमाने दिवसाला लिटरभर दूध बाटलीने पाजतात. मूल गुबगुबीत दिसते आणि आतून फिके राहते. वर्षानंतर दिवसाला चारशे ते पाचशे मिलिलिटर दूध पुरे. तेही कपाने. तोंडात बाटली ठेवून झोपवल्याने दात किडतात.

मग लोह आणायचे कुठून? खिमा, गोश्त आणि कलेजीतले लोह शरीर सहज घेते. खिमा बारीक आणि मऊ शिजवलेला असला की दीड वर्षाचे मूल दोन-तीन चमचे आरामात खाते. कलेजी उत्तम, पण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असते. म्हणून आठवड्यातून एकदा, लहान तुकडा. मसूर, हरभरा, बाजरी आणि पालेभाज्यांतले लोह जरा अवघड उतरते. त्याला सोबती लागतो. लिंबाचे चार थेंब, पेरूची फोड, टोमॅटो किंवा आवळा बरोबर असला की तेच लोह जास्त प्रमाणात अंगी लागते. मसुराच्या खिचडीवर लिंबू पिळणे ही फक्त चवीची गोष्ट नाही.

‘अॅनिमिया मुक्त भारत’ या २०१८ च्या योजनेत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे औषध ठरवले आहे. आपल्या भागातील आशा ताईंकडे किंवा सरकारी दवाखान्यात विचारावे. ते मोफत असते.

एका दिवसाचा तक्ता

आमच्या पद्धतीने दिवस लावला तर तो असा लागतो. प्रत्येक घराने आपल्या वेळेप्रमाणे पुढे-मागे करावा.

सकाळी आठ : पूर्ण शिजलेले अंडे कुस्करून, सोबत दुधात भिजवलेली चपाती किंवा भाकरी.

साडेदहा : केळे, पपई किंवा चिकू, बिया काढून, कुस्करून.

दुपारी एक : मूग किंवा मसुराची मऊ खिचडी, त्यातच शिजवलेला पालक किंवा लाल भोपळा, चमचाभर तूप, थोडे लिंबू, बाजूला दही.

चार वाजता : नाचणीची खीर. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि या वयाच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम लागते. नाचणी नसेल तर शेंगदाण्याचे बारीक कूट आणि बी काढून ठेचलेला खजूर दुधात कालवून, किंवा डाळ्याचे पीठ दुधात.

संध्याकाळी साडेसात : मऊ चपाती आणि खिमा, किंवा काटे नीट काढलेली मासळी, किंवा मऊ डाळ, बरोबर शिजवलेली भाजी.

झोपण्यापूर्वी : कपभर दूध, मग दात साफ.

यासाठी वेगळा स्वयंपाक लागत नाही. घरच्या हंडीत मिरची-मसाला आणि वरचे मीठ पडण्याआधी मुलाचा हिस्सा बाजूला काढावा. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेने या वयाला दिवसाला दोन ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको असे सांगितले आहे. दोन ग्रॅम म्हणजे लहान चमच्याच्या अर्ध्याहून कमी. लोणचे, पापड आणि पाकिटातले खाणे यांनी ही मर्यादा लवकर संपते. साखरही जितकी कमी तितकी बरी. शरबत आणि थंड पेये तर नकोच.

आणखी एक गोष्ट. काय द्यायचे आणि कधी द्यायचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे हे मुलाला ठरवू द्यावे. नवी भाजी पहिल्या दिवशी थुंकली म्हणजे नापसंत झाली असे नाही. आठ-दहा वेळा थोडी थोडी पुढे ठेवली की बहुतेक मुले घेतात. नाक दाबून किंवा मोबाईल दाखवून भरवू नये.

पाकिटाचा खरा भाव

आम्ही व्यापारी माणसे. कापडाचा ताका घेताना पन्ना मोजतो, वजन पाहतो, सुताचा नंबर विचारतो. मग लेकराचे पाकीट घेताना डोळे का मिटतो? पाच रुपयांच्या पाकिटावर निव्वळ वजन छापलेले असते. ते १२ ग्रॅम असेल तर किलोचा भाव ४१६ रुपये पडला. २० ग्रॅम असेल तरी २५०. आता आपल्या बाजारात शेंगदाणे, मसूर, नाचणी काय किलो आहेत ते शेजारी लिहा. मका किंवा बटाटा, पामतेल आणि मीठ यांना आपण डाळीहून चढा भाव देतो, आणि वर म्हणतो की चांगले खाणे परवडत नाही.

रोज दोन पाकिटे म्हणजे महिन्याला तीनशे रुपये, वर्षाला ३,६५०. कारागीर बांधवांनी हा हिशेब एकदा जरूर करावा. त्याच तीनशेत महिनाभर एका मुलाला रोज एक अंडे आणि वर कधी केळे येते की नाही, ते आपल्याच दुकानदाराला विचारावे. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. या वयाच्या मुलाची दिवसाची गरज सुमारे साडेबारा ग्रॅम आहे. अर्धा हिशेब एका अंड्यात मिटतो.

रंग कपड्याला, पोटाला नाही

रंगाच्या बाबतीत आमच्या धंद्यातल्या माणसाने तरी फसू नये. रोडामाइन-बी हा भडक गुलाबी रंग कापड व कागद रंगवण्याचा. तो म्हातारीच्या केसांत सापडल्यावर २०२४ च्या फेब्रुवारीत तामिळनाडू आणि पुदुच्चेरी सरकारांनी त्या मिठाईवर बंदी घातली. मार्चमध्ये कर्नाटकाने या रंगाच्या वापराविरुद्ध पाऊल उचलले. मेटॅनिल यलो हा असाच कारखान्यातला पिवळा रंग. तो हळद, लाडू, जिलेबी आणि डाळींत मिसळलेला अनेकदा पकडला गेला आहे. आपल्या देशात खाण्यासाठी मोजक्याच कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही ठराविक पदार्थांत आणि ठराविक प्रमाणात. हे दोन रंग त्या यादीत नाहीत.

दहा-अकरा किलोच्या शरीराला रंगाचा तोच डोस मोठ्या माणसाच्या कितीतरी पट बसतो. म्हणून सुट्या विकल्या जाणाऱ्या पिवळ्या नळ्या, भडक गोळ्या, रंगीत बर्फाचा गोळा यांपासून मुलाला लांब ठेवावे. हळदीची एक साधी परीक्षा : ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवावी. शुद्ध हळद तळाशी बसते आणि पाणी फिके पिवळे होते. पाणी गडद पिवळे झाले तर शंका घ्यावी.

घशात अडकणारा माल

सर्वात तातडीची बाब आता सांगतो. चार-पाच वर्षांपर्यंत मुलाला अख्खा शेंगदाणा, फुटाणा, बदाम, काजू, सुपारी, मक्याच्या लाह्या, कडक गोळी देऊ नये. दाढा पूर्ण आलेल्या नसतात आणि श्वासनळी अरुंद असते. हसता-खेळता दाणा श्वासनळीत उतरतो. आपल्याकडे अशा घटनांत शेंगदाणा नेहमी वरच्या नंबरात असतो. दाणा वाईट नाही, त्याचा आकार वाईट. कूट करून तोच दाणा रोज द्या. द्राक्ष उभे चार भाग करून द्यावे. कच्च्या गाजराचा तुकडा नको, शिजवून किंवा किसून. खजूर, बोर, सीताफळ बिया काढून. मूल बसूनच खाईल, पळत-खेळत नाही, आणि मोठे माणूस समोर असेल, हा नियम दुकानातही पाळावा. बेदाणे-फुटाण्यांची वाटी घेऊन धाग्याच्या बॉबिनमध्ये फिरणारे मूल हे धोक्यात असलेले मूल आहे.

अडकलेच तर : मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाज निघत नसेल, रंग काळा-निळा पडत असेल, तर पुढे वाकवून दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात. निघाले नाही तर मागून हात घालून बेंबीच्या वर मुठीने आत-वर असे पाच दाब द्यावेत. निघेपर्यंत हे आळीपाळीने करावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. वर्षाखालच्या बाळाला पोटावर दाब देऊ नये. त्याला पालथे, डोके खाली धरून पाच थापा, मग उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब. न दिसणाऱ्या वस्तूसाठी तोंडात बोट फिरवू नये. ती अधिक आत जाते. मूल बेशुद्ध पडले तर क्षणही न घालवता दवाखाना.

मधाबद्दलही सांगितले पाहिजे. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध चाटवू नये. मधात कधी कधी असे जंतू असतात की वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. वर्षानंतर हा धोका राहत नाही.

कारखान्याच्या बाटल्या

रंगाईवाल्या बांधवांना हात जोडून एक विनंती. कॉस्टिक सोडा, ब्लीचिंग, ॲसिड, रॉकेल हे पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नका. दोन वर्षांच्या मुलाला बाटली म्हणजे पाणी एवढेच कळते. कॉस्टिकचा एक घोट अन्ननलिका जाळतो आणि पुढे वर्षानुवर्षे घास उतरत नाही. अशा वेळी उलटी करवू नये. तोंड पाण्याने पुसून, ती बाटली बरोबर घेऊन तडक मोठ्या दवाखान्यात जावे. रसायन मूळ डब्यातच, वर, कुलपात ठेवावे. मशीनच्या तेलाचे आणि रंगाचे हात साबणाने धुतल्याशिवाय लेकराला घास भरवू नये.

शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. शिळे द्यायचेच तर वाफ येईपर्यंत गरम करून. शादी-दावतीतले दुपारचे अन्न रात्री मुलाला नको. जुलाब लागले तर खाणे बंद करण्याची जुनी पद्धत सोडावी. ओआरएस, डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक, आणि नेहमीचे मऊ जेवण थोडे थोडे चालू ठेवावे.

फीत आपल्याच हातात आहे

अंगणवाडीत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी नेण्याचा आहार मिळतो आणि वजन होते. काही घरांना तिथे जाण्यात कमीपणा वाटतो. वाटू नये, तो आपल्याच कराच्या पैशाचा माल आहे. वजन दर महिन्याला नोंदवावे. सलग दोन-तीन महिने वजन वाढले नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

आणि वजनकाटा नसेल तर दर्जी आणि कापडवाल्यांच्या गळ्यात फीत असतेच. मुलाच्या डाव्या दंडाचा, खांद्यापासून कोपरापर्यंतचा मध्य काढावा. हात सैल सोडून तिथे फीत न आवळता गुंडाळावी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेबारा सेंटिमीटर किंवा जास्त भरला तर या मापात ठीक. साडेअकरा ते साडेबाराच्या मध्ये भरला तर खुराक कमी पडतो आहे, लक्ष द्या. साडेअकराच्या खाली भरला तर कुपोषण तीव्र आहे; त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा.

दिवसभर आम्ही दुसऱ्यांच्या अंगाची मापे घेतो. महिन्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, तीच फीत आपल्या लेकराच्या दंडाला लावावी. दोन मिनिटांचे काम आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही.